सनमायक्याच्या ओट्याला ग्रॅनाइटचं रूप: समुद्राजवळच्या घरात टिकेल का?

पन्हळ

नमस्कार मंडळी. गुहागरच्या बाजूचं घर, समुद्र साधारण दोनशे मीटरवर. ओटा दगडी नाही. मॉड्युलर कपाटांवर १८ मिमीचा बोर्ड, त्यावर १ मिमीचा गुळगुळीत क्रीम रंगाचा सनमायका. आकार एल: एक बाजू ८ फूट, दुसरी (कोपरा सोडून) ४ फूट, रुंदी २ फूट, पुढची पट्टी दीड इंच. सिंक वरून बसवलेलं, शेगडी सुटी. हळदीचे डाग आणि ओरखडे पुष्कळ आहेत, पण सनमायका बहुतेक ठिकाणी घट्ट आहे. सिंकच्या उजव्या कोपऱ्यात मात्र थोडा उचललाय.

स्पंजाने ग्रॅनाइटसारखा रंग द्यायचा आणि वर एपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून ओतायचा, कडक होणारा पारदर्शक थर) ओतायचं असा बेत आहे. गणपती झाले, आता दिवाळीआधी उरकायचं आहे. प्रश्न असे: प्रायमर नेमका कोणता? हार्डवेअरवाला पांढरा वुड प्रायमर पुढे करतोय. एपॉक्सी किती किलो आणावं? आणि आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत हे टिकतं का? पापुद्रे निघालेल्या ओट्यांचे फोटो खूप दिसतात, पण ते का निघाले हे कुणी सांगत नाही.

रंगाचा डबा

वुड प्रायमर परत करा. तो लाकडात मुरतो आणि म्हणून धरतो. सनमायक्याच्या वरच्या थरात कडक झालेलं मेलामाइन रेझिन असतं, त्यात मुरायला जागाच नाही. प्रायमर नुसता वर बसतो, सुकतो, आणि पहिल्यांदा गरम भांडं सरकवलं की नखाने सोलता येतो. तुम्ही पाहिलेल्या फोटोंतले बहुतेक पापुद्रे असेच निघालेले असतात. वरचं एपॉक्सी शाबूत असतं, त्याच्या पाठीला रंग आणि प्रायमर चिकटलेले, आणि खाली मूळचा सनमायका लख्ख. म्हणजे सुटला तो सगळ्यात खालचा सांधा.

आणायचा तो दोन डब्यांचा, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायचा एपॉक्सी प्रायमर. तुमचं क्षेत्रफळ सिंक वजा करून आणि पट्टी धरून २३ चौ. फुटांच्या आसपास येतं. दोन हातांना अर्धा लिटर पुरून उरेल.

आता तयारी, आणि इथे क्रम चुकवू नका: आधी तेल काढायचं, मग घासायचं. उलट केलं तर पॉलिश पेपर तेलाचा अंश चरांमध्ये दाबून बसवतो आणि मग तो निघत नाही.

सिंकभोवतीचं आणि भिंतीलगतचं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडा. थिनरने ते विरघळत नाही, फक्त पसरतं. सिलिकॉनचा पुसट थर जरी राहिला तरी तिथे प्रायमर आणि एपॉक्सी दोन्ही मागे सरकतात आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. मग एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे) घालून हिरव्या घासणीने सगळा ओटा घासा. हातमोजे घाला. नंतर साध्या पाण्याने तीन वेळा पुसा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर शेवटचं पुसणं पिण्याच्या पाण्याने करा, नाहीतर सुकल्यावर मिठाचा थर तुम्हीच मागे ठेवाल. खिडकीजवळच्या भागावर तो वाऱ्याने आधीच बसलेला असतो, तिकडे जास्त लक्ष द्या. पाणी ओतल्यावर थेंब न होता सपाट पसरलं, की तेल गेलं असं समजायचं.

घासायला आधी १५० नंबर, मग २२०. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा. चकाकी पूर्ण गेली पाहिजे. बॅटरी ओट्यालगत आडवी धरून बघा, चमकणारं बेट दिसलं की तिथे पुन्हा. पण छापलेला रंग विरून तपकिरी कागद दिसायला लागला तर थांबा, त्याच्या खाली जायचं नाही. यंत्र वापरलंत तर कडांवर हाच घोळ होतो, कडा हातानेच करा. धूळ बारीक आणि घशाला वाईट असते, एन-९५ मास्क लावा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पांढऱ्या सुती फडक्याने पुसा आणि त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श करू नका.

प्रायमरचे दोन पातळ हात चार इंची फोम रोलरने. मिसळण्याचं प्रमाण आणि दोन हातांमधला वेळ डब्यावर असतो, तोच पाळा. काही प्रायमर मिसळल्यावर १५-२० मिनिटं तसेच ठेवायचे असतात, तेही वाचा. दोन दिवसांनी कोपऱ्यात एक चाचणी घ्या: ब्लेडने २ मिमी अंतरावर सहा उभ्या, सहा आडव्या रेघा मारा, त्यावर पॅकिंग टेप दाबून बसवा आणि झटक्याने ओढा. टेपला चौकोन चिकटून आले तर सगळं काढून पुन्हा सुरुवात. हे कुणी करत नाही, कारण निकाल काय येईल याची भीती वाटते. एपॉक्सी ओतल्यावर मात्र परत फिरता येत नाही.

काळवथर

प्रायमरचं वर आलंच आहे, मी रंगाबद्दल लिहितो.

कोणत्या दगडाची नक्कल करायची ते आधी पक्कं करा आणि त्या दगडाचा खरा तुकडा समोर ठेवा. ग्रॅनाइटच्या दुकानात कापून उरलेले तुकडे सहज मिळतात. मोबाइलवरच्या फोटोत दाण्याचा आकार कळत नाही. लोकांचं चुकतं ते तिथेच: दाणे रुपयाएवढे होतात आणि ओटा गाईच्या अंगावरच्या ठिपक्यांसारखा दिसतो. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक ग्रॅनाइटचा दाणा काही मिलिमीटरचाच असतो.

पांढरा संगमरवर टाळा. शिरा काढणं अवघड म्हणून नव्हे (कोंबडीच्या पिसाने त्या छान निघतात), तर हळदीमुळे. एपॉक्सीवर हळदीचा रंग बसतो. उन्हात तो हळूहळू उडतो खरा, पण ओटा काही उन्हात नेता येत नाही. एकसारखा काळा कडप्पाही नको. तो मुळात चुनखडीचा दगड, त्यात दाणा नाही, त्यामुळे नक्कल सोपी, पण पिठाचा प्रत्येक कण आणि प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. मधला करडा, स्टील ग्रेसारखा, सगळ्यात समजूतदार.

त्यासाठी रंग असे: तळाला गडद करडा ॲक्रिलिक इमल्शन अर्धा लिटर, वरच्या कामाला काळा, मध्यम करडा, फिकट करडा आणि मोतिया चंदेरी, प्रत्येकी १०० मिली. ऑइल पेंट घेऊ नका. तो वरून सुकल्यासारखा वाटला तरी आत बरेच दिवस मऊ राहतो, आणि वर एपॉक्सीचं झाकण पडलं की अडकतो.

प्रायमर ३२० ने हलका घासून तळाचे दोन हात द्या, रात्रभर सुकवा. स्पंज गाडी धुण्याचा घ्या, पण त्याच्या सरळ कडा कात्रीने न कापता हाताने तोडून वेड्यावाकड्या करा. कापलेल्या कडेची रेघ लगेच ओळखू येते. एकाने नारळाच्या सोडणाने करता येईल का विचारलं होतं: नाही, काथ्याच्या रेघा उमटतात, दाणे नाहीत.

स्पंज ओला करून घट्ट पिळा, रंगात टेकवा, आधी वर्तमानपत्रावर दोन-तीनदा टिपा आणि मगच ओट्यावर. प्रत्येक टिपेला मनगट थोडं फिरवा. पहिला काळा, साधारण एक तृतीयांश भागावर, सलग नाही. तो ओलसर असतानाच मध्यम करडा, काही ठिकाणी काळ्यावर चढलेला. मग फिकट करडा अगदी कमी. चंदेरी सर्वांत शेवटी, जुन्या टूथब्रशने शिंतडायचा, रंगात पाण्याचे दोन-तीन थेंब घालून. आधी कागदावर शिंतडून बघा, पहिले थेंब नेहमी मोठे पडतात. दर दोन फुटांनी मागे सरून सहा फुटांवरून बघा. जवळून घाणेरडं आणि लांबून दगड, असं दिसलं म्हणजे बरोबर चाललंय.

दोन बारकावे. पुढच्या पट्टीवर तेच दाणे वरून सलग खाली उतरले पाहिजेत, म्हणून पट्टी आणि वरचा भाग एकाच वेळी करा. पट्टी मागाहून केली की ती वेगळी चिकटवल्यासारखी दिसते. आणि एलच्या कोपऱ्यात खऱ्या दगडालाही जोड असतो. तिथे बारीक ब्रशने एक केसाएवढी गडद रेघ ओढा आणि तिच्या दोन्ही बाजूंचे दाणे एकमेकांशी जुळवू नका. सनमायक्याचा जोडही बहुधा तिथेच असतो, पुढे-मागे तो हलला तरी रेघेत झाकून जाईल.

खारा वारा

मुहूर्ताबद्दल आधी: माका विचारशात तर दिवाळीआधी ह्यां करू नकात.

ऑक्टोबरात पाऊस गेलेला असतो, पण भिंती, बोर्ड, हवा, सगळ्यांत ओल असते, वर उकाडा. एपॉक्सीच्या हार्डनरमधले अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतात आणि सुकलेल्या थरावर मेणचट, ढगाळ साय येते. ती कोमट साबणपाण्याने धुऊन जाते, पण न धुता पुढचा हात मारला तर तो धरत नाही. म्हणून नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ घ्या, ७० टक्क्यांच्या खाली असेल तेव्हाच ओता. ओटा दवबिंदूपेक्षा (हवेतल्या ओलाव्याचं दव व्हायला लागतं ते तापमान) किमान ३ अंशांनी गरम हवा. त्या दिवसांत पहाटे दव असतं, म्हणून सकाळी लवकर नको. साडेदहा-अकराला ओतलंत तर संध्याकाळी दमटपणा वाढायच्या आत थर आवळलेला असतो. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, तिकडची खिडकी बंद ठेवा. खोलीत एसी असेल तर आदल्या रात्रीपासून ड्राय मोडवर लावा, ओतताना पंखा आणि एसी दोन्ही बंद.

आता हिशेब. २३ चौ. फूट म्हणजे २.१४ चौ. मीटर. दीड मिमी जाडी धरली तर ३.२ लिटर. लिटरला साधारण १.१ किलो धरून साडेतीन किलो. पट्टीवरून ओघळून जाणारं आणि बादलीला राहणारं धरून ४ किलो. त्याआधी ब्रशने एक पातळ सीलचा हात लागतो, त्याला ३०० ग्रॅम. तेव्हा साडेचार किलोचा संच आणा. दीड मिमीपेक्षा पातळ ओढायला जाऊ नका, थर ताणला जाऊन मध्येच उघडी बेटं राहतात.

सीलचा हात सोडू नका. पुट्टी केलेल्या जागा आणि बोर्डाच्या कडा यांत हवा असते, ती मुख्य थरातून बुडबुडे होऊन वर येते. हा हात चिकट अवस्थेत आला, म्हणजे बोट लावलं तर ठसा उमटतो पण बोटाला काही येत नाही, की त्यावर ओतता येतं. ती वेळ हुकली तर पूर्ण सुकू द्या, धुवा, ३२० ने घासा आणि मग ओता.

चार किलो एका बादलीत कधीही मिसळू नका. तीस अंशांच्या हवेत ते बादलीतच तापून धूर सोडेल. तीन हिस्से करा. तुमच्या डब्यावर वजनाने २:१ लिहिलं असेल तर प्रत्येक हिश्शाला ८९० ग्रॅम रेझिन आणि ४४५ ग्रॅम हार्डनर. वजनाचं प्रमाण आणि मापाचं प्रमाण वेगळं असतं, डब्यावर कोणतं आहे ते दोनदा वाचा आणि डिजिटल काटाच वापरा. हार्डनर जास्त घातल्याने लवकर सुकत नाही, उलट कायमचं चिवट राहतं. तीन मिनिटं हळू ढवळा, कडा आणि तळ खरवडत. मग दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून आणखी एक मिनिट. पहिल्या बादलीच्या कडेला न मिसळलेलं राहतं आणि ओट्यावरचे चिकट डाग बहुतेक वेळा तेच असतात. तेवढ्यासाठीच बादली उलटी करून निथळत ठेवू नका.

मिसळलं की लगेच ओट्यावर रेघांनी ओता, दातेरी पट्टीने पसरवा. बुडबुड्यांवर हीट गन एका जागी न थांबवता वीतभर वरून फिरवा. त्याआधी सिलिंडर रेग्युलेटर काढून स्वयंपाकघराबाहेर न्या, आणि थिनरचा उघडा डबा खोलीत नको. पुढच्या पट्टीखाली जे थेंब लोंबतात ते पहिला तासभर दर दहा मिनिटांनी आइस्क्रीमच्या काडीने निपटा. खाली कपाटांना प्लास्टिक लावा, त्याची कड मास्किंग टेपने, आणि टेप थर आवळत असतानाच काढा. पूर्ण कडक झाल्यावर काढलीत तर कडेचे टवके निघतील. रात्री खोलीत दिवा ठेवू नका. पाखरं त्यावर येतात आणि ओट्यात कायमची राहतात. ओट्यावर मच्छरदाणीसारखा प्लास्टिकचा मांडव केलात तर उत्तम.

पन्हळ

सगळ्यांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. मुहूर्त पुढे ढकलला. तीन शंका राहिल्या.

एक, सिंकचा कोपरा नाण्याने ठोकून पाहिला. साधारण सहा इंचांपर्यंत पोकळ वाजतो आणि बोर्ड दोन मिमी तरी फुगलेला आहे. कडेने भुसा दिसतो. दोन, खिडकी पश्चिमेला आहे, दुपारी तीन ते सहा ऊन थेट ओट्यावर. तीन, कुकर उतरवून थेट ओट्यावर ठेवायची घरात सगळ्यांना सवय.

सुतारपक्षी

भुसा दिसतो म्हणजे पार्टिकल बोर्ड. फुगलेला पार्टिकल बोर्ड सुकला तरी परत बसत नाही, आतली पकड सुटलेली असते. त्यावर कितीही पुट्टी भरा, पहिल्या पावसाळ्यात पुन्हा हलेल आणि वरचं एपॉक्सी तडकेल. तेवढा तुकडा कापून काढायचा.

सिंक उचला. ठोकून जिथे भरीव आवाज येतो तिथपासून आणखी दोन इंच सोडून चौकोनी काप घ्या. खालून आडव्या पट्ट्या स्क्रूने मारा आणि त्याच जाडीचा मरीन प्लायचा तुकडा बसवा. प्लायच्या चारही कडांना आणि सिंकच्या कापाला एपॉक्सीचे दोन हात. पाणी कायम कडेतून शिरतं, वरून नाही. सनमायक्याचा वेगळा तुकडा लावायची गरज नाही, प्लाय १ मिमी वर येईल असा बसवा आणि फट मोटर बॉडी पुट्टीने समतल करा. लहान भोकांना एम-सील चालतं, पण ते कडक होतं आणि घासायला त्रास देतं, मोठ्या जागेवर नको.

बाकी कुठे सनमायका नुसता उचललेला असेल आणि बोर्ड कोरडा, कडक असेल तर आतली धूळ काढा, फेविकॉल एसआर ९९८ सारखं रबरी चिकट दोन्ही पृष्ठांना लावा, हाताला चिकटायचं थांबेपर्यंत सुकू द्या आणि मग दाबून ठोकळ्याने ठोका. ओलं असताना चिकटवलंत तर आत फोड राहतो.

बोर्ड आणखी तीन-चार ठिकाणी असाच निघाला तर रंगाचा नाद सोडा आणि खरा दगड टाका. १८ मिमी ग्रॅनाइट चौ. फुटाला साधारण साडेचार किलो भरतं, म्हणजे तुमच्या ओट्याला शंभर किलोच्या वर. पार्टिकल बोर्डाची कपाटं तेवढं वजन उभ्या फळ्यांवर पेलतील का ते आधी बघा, दोन कपाटांच्या मध्ये आधार नसेल तर नाही.

खारा वारा

उन्हाचं आणि कुकरचं उत्तर वेगवेगळं आहे.

एपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं. डब्यावर यूव्हीरोधक लिहिलेलं असलं तरी ते उशिरा पडतं इतकंच. करड्या दगडावर ते फार दिसत नाही, पण पश्चिमेच्या खिडकीखालचा भाग आणि कोपरा यांत फरक कळेल. उपाय: एपॉक्सी सात दिवस कडक होऊ द्या, ४०० ने घासून चकाकी पूर्ण घालवा, आणि वर दोन डब्यांच्या ॲलिफॅटिक पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअरचे दोन हात द्या. सेमी-मॅट घ्या, ओरखडे कमी दिसतात. याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. साधा कापडी किंवा एन-९५ मास्क त्याला चालत नाही, ऑरगॅनिक व्हेपर काडतुसांचा मास्क हवा आणि दारं-खिडक्या उघड्या. तो हार्डनर ओलाव्याशीही संयोग पावतो आणि त्यातून वायू सुटून बारीक फोड येतात, तेव्हा हेही कोरड्या दिवशीच. रोलरने पातळ द्या.

कुकरचं मात्र पीयूने भागत नाही. कुकरच्या आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं. कलाकामाचं एपॉक्सी पन्नास-साठ अंशांपासून मऊ व्हायला लागतं, ओट्यासाठीचं काही जास्त सहन करतं. तो आकडा हीट डिफ्लेक्शन म्हणून उत्पादनाच्या माहितीपत्रकात असतो, तो बघूनच घ्या. तरी कुकर किंवा तवा थेट ठेवलात तर गोल ठसा उमटेल आणि तो पुसून जात नाही. अडणी ठेवणं हा एक मार्ग. सवय मोडणार नसेल तर माझं मत असं: शेगडी आणि तिच्या उजवीकडचा दीड फूट, एवढ्या भागावर खऱ्या ग्रॅनाइटचा तुकडा किंवा स्टीलचा पत्रा बसवा आणि बाकीचा रंगवा. काळवथर म्हणतात तसा खरा तुकडा समोर ठेवून रंग जुळवला असेल तर तोच दगड इथे वापरा.

काळवथर

सहमत. आणि दोन वापराच्या गोष्टी घरच्यांना आधीच सांगा. विळी ओट्यावर ठेवून नारळ खवायचा नाही, पाट सरकला की खालचा खडा एपॉक्सीत रेघ काढतो. भाकरी थेट ओट्यावर थापायची नाही, परातीत. आमसुलाचं आगळ सांडलं तर लगेच पुसा, रात्रभर राहू देऊ नका.

पन्हळ

शेवटचं एकच. सगळं झाल्यावर सिंक परत बसवून सिलिकॉन कधी मारायचं? आणि पुढे ओरखडा पडलाच तर?

रंगाचा डबा

सिंक शेवटचा पीयू हात दिल्यावर आठवडाभराने. त्याआधी सिंकची कड मऊ थरात रुतते. सिंकच्या ओठाखाली रंग, एपॉक्सी, पीयू सगळं गेलेलं असलं पाहिजे, ओठाच्या बाहेर थांबवू नका. सिलिकॉन बुरशीरोधक, न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं नको. सिंक बसवल्यावर २४ तास नळ बंद.

ओरखडा फक्त पीयूत असेल तर पाण्यासोबत १००० आणि मग २००० नंबरचा वॉटर पेपर, नंतर गाडीचं रबिंग कंपाउंड. सेमी-मॅट असेल तर कंपाउंड लावू नका, तेवढाच ठिपका चकाकेल. त्याऐवजी तो भाग एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत ४०० ने घासून पीयूचा एक हात द्या. ओरखडा रंगापर्यंत गेला असेल तर आधी टूथपिकने त्यात करडा रंग भरा, सुकला की एपॉक्सीचा एक थेंब. म्हणून रंगाच्या चारही बाटल्यांत थोडा थोडा रंग झाकण घट्ट लावून शिल्लक ठेवा, आणि बाटलीवर तारीख व छटेचा क्रमांक लिहा.